विरोधी पक्षनेता कोंडी

नागरिकशास्त्राचा तास म्हणजे पोरांची हक्काची डुलकी. 'सरकारची कामे' हा धडा शिकवताना मागच्या बाकावरून चक्क घोरणं ऐकू आलं, तशी मी भडकले. पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं, "उद्या नववीत विधानसभा भरेल!"

मोखाड्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेत एकच धांदल उडाली. लाडक्या मुख्यमंत्री झाला, कारण त्याचा आवाज सगळ्यात मोठा. झाडून सगळा वर्ग त्याच्या पक्षात. विरोधी बाकावर बसायला मात्र कुणी तयार होईना. पाड्यातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं, ठरवायचं आणि ठरलं की करायचं, ही यांची रीत. मुद्दाम आडवं बोलणं म्हणजे वाईट चाल. शेवटी मीच कोंडीला विरोधी पक्षनेता केलं.

इथेच माझी पंचाईत झाली. सरकारने विधेयक आणलं, 'मुलींचा कबड्डीचा संघ जव्हारच्या सामन्यांना पाठवावा.' कोंडी त्या संघाची जान. हेडसर आधीच नाही म्हणाले होते आणि तेव्हापासून पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं.

"बाई, मीच नाय म्हणायचा?" ती रडवेली झाली.

"नाही म्हणू नकोस गं. अडचणी विचार. सरकारला घाम फुटला पाहिजे."

हेडसरांना आम्ही राज्यपाल केलं आणि झेंडूचा हार घालून खुर्चीत बसवलं. कोंडी उठली, कमरेवर हात ठेवले आणि थेट हेडसरांच्याच सुरात गरजली, "पोरींना नेणार कोण?"

"मंजुषाबाई!" मुख्यमंत्री ओरडले. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"ऱ्हाणार कुठं?"

"माजी पोशी मावशी जव्हारलाच ऱ्हाते. तिची पडवी मोठी हाय."

"खाणार काय?"

"नागलीच्या भाकरी! नि चटणी!"

"नि हरल्या तर?"

मग क्रीडामंत्री बाळी उठली. "तू असल्यावर कशा हरतील?"

सभागृहाने बाकं बडवून छप्पर डोक्यावर घेतलं. मतदानाला बाजूने बाकी सगळे हात वर गेले. विरोधात एकटा कोंडीचा हात. हेडसरांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्यांनी विधेयकावर झोकात सही ठोकली.

सामन्याच्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात सगळा मुलींचा संघ पिशव्या घेऊन उभा. पोशी मावशीला निरोप गेलेला, भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या. हेडसर दात घासता घासता धावत आले.

"अगं, तो खेळ होता!"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. खेळायला म्हणून कुणी बैठकीला बसतं, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"बसून ठरला ना, सर?" बाळी म्हणाली. "तुमी सही पण केली."

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी झेंड्याच्या खांबाकडे पाहिलं. हसू दाबता दाबता माझा जीव चालला होता.

"पण राहणार..." ते म्हणाले आणि थांबले. "खाणार..." पुन्हा थांबले. एकूणएक अडचणीचं उत्तर त्यांच्यासमोरच देऊन झालं होतं. तेवढ्यात त्यांना कोंडी दिसली आणि चेहरा उजळला.

"तू कुठे निघालीस? तू तर विरोधात होतीस! तू इथेच थांब."

कोंडीशिवाय संघ म्हणजे मिठाविना भाकर. कोंडीने पिशवी खांद्यावर सरळ केली.

"होती ना, सर. पण आता कायदा झाला. मला पण पाळाय लागल."

हेडसरांनी तोंडातला ब्रश काढला आणि स्वतःच फाटक उघडलं.