बिब्ब्याचा डाग

रायभान मेंढरं राखायचा, पण ताडकळसच्या आसपास त्याचं नाव होतं ते बिब्ब्यासाठी. कुणाच्या पायात काटा मोडो की मेंढीचा खूर सुजो, बिब्ब्याच्या गरम तेलाचा चटका द्यायला त्यालाच बोलावणं यायचं. लोक बसायला घोंगडी टाकायचे आणि हा गडी तिच्यावर मोठ्या वैद्याच्या ऐटीत बसायचा.

बायकोच्या, अंबाबाईच्या टाचेवर काळा ठिपका उठला, तेव्हा त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही. बाभळीचा काटा आहे म्हणाला आणि चटका दिला. बिब्ब्यानं कातडी काळी पडतेच. मग वाढतोय तो ठिपका की बिब्ब्याचा डाग, हे कळणार कसं? वर्षभर तो चटके देत राहिला आणि ती दात आवळून सोसत राहिली. डागाची कड वेडीवाकडी पसरली, त्यातून रक्त येऊ लागलं, तेव्हा माहेरी आलेल्या लेकीनं, अर्पितानं, तिला परभणीला नेलं.

डॉक्टरांनी टाचेचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. हा कातडीचा कॅन्सर असू शकतो, पण लवकर सापडला तर टाचेचं तेवढं मांस काढून भागेल, पुन्हा मेंढरांमागे चालाल, असं ते म्हणाले. अंबाबाईनं त्यातलं चालायचं तेवढं मनात धरलं.

अर्पिता सासरी गेली होती, म्हणून निकाल आणायला रायभान एकटाच गेला. तुकड्यात नुसती जळालेली कातडी आलीय, त्यावरून काहीच ठरवता येत नाही, आणखी खोलातला तुकडा घ्यायला बाईंना लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलं. शिवाय हे चटके कुणी दिले, असंही विचारलं. रायभानला मिरची झोंबली ती या प्रश्नानं. घरी येऊन तो म्हणाला,

"काही निघालं न्हाई."

अंबाबाईनं लंगडत लंगडत गल्लीभर गूळ वाटला, आमच्या दारातही आली. तिचं ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

होळीनंतर जांघेत गाठ आली आणि पाय सुजून खांब झाला. आता तिला घरात ठेवणं रायभानलाही जमेना. या वेळी खोलातला तुकडा गेला आणि प्रयोगशाळेतून उत्तर आलं, मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सरच. तो काळ्या डागातून गाठीत आणि गाठीतून यकृतात पोचला होता. डॉक्टर रायभानवर भडकले. मी तेव्हाच बोलावलं होतं, का आणलं नाही, असं त्यांनी तिच्यासमोरच विचारलं. मग जीपनं तिला घरी आणलं.

संध्याकाळी माणसं भेटायला आली. रायभान त्यांना सांगू लागला, "डॉक्टरनं सुई घातली अन् समद्या अंगात पसरलं." सगळ्यांच्या माना हलल्या. सुईचं असंच असतं, हे गावाला आधीपासूनच पटलेलं होतं.

बाजेवरची अंबाबाई कोपरावर उठली. "डॉक्टरनं दुसऱ्यांदा बोलावलं व्हतं. यांनी लपवलं. बिब्ब्याचं नाव खराब हुईल म्हणून."

रायभानची मान खाली गेली. मग तो अगदी मायेनं म्हणाला, "ताप चढलाय. बरळायलीय."

तिला ताप नव्हता. तरी शेजारची मालनबाई उठली आणि तिनं ओलं फडकं आणून तिच्या कपाळावर ठेवलं. अंबाबाई पुन्हा बोलू लागली, तशी मालनबाईनं तिला हलकेच खाली निजवलं आणि ते फडकं डोळ्यांवर ओढलं.