मुळाच्या गाठीखाली

मित्रांनो, जरा डोळे मिटा. भैरवगढच्या वाटेवर आमची कॉलनी आहे आणि तिच्यामागे मुरमाचा एक उतार. त्यावर छातीएवढी घाणेरी माजली आहे. वर गुलाबी-पिवळी फुले, खाली काटे, आणि आत गवताची काडीसुद्धा नाही, कारण ही बया दुसऱ्या कुणाला उगवूच देत नाही. दिसली? आता त्या काट्यांत शिरून मुळाशी जायचे कुणी? मीच!

मी एक जुनी कुदळ आहे. देवास गेटजवळच्या लोहाराने मला घडवले. मी घरांचे पाये खणले, तेव्हा माझे फार कौतुक झाले. पुढे यंत्रे आली आणि मी जिन्याखाली गंजत पडले. निवृत्त शिक्षक तात्यांनी मला बाहेर काढले, नवा दांडा बसवला आणि या उतारावर आणले.

कॉलनीचे सेक्रेटरी प्रसादकाका तेव्हाच म्हणाले होते, "तात्या, उतार साफ राहिला तर तुमचा. झाडी परत माजली, तर मी सपाट करून पार्किंग करणार. साप निघाला की लोग मुझे पकड़ते हैं."

तात्यांची रीत सोपी होती. घाणेरीच्या मुळाला जमिनीलगत गाठ असते. तिच्याखाली घाव घालायचा, झुडूप उपटायचे आणि मुळे आभाळाकडे करून वाळू द्यायचे. गाठ राहिली की ती पुन्हा फुटते. किती वेळा सांगायचे! शेजारचा अभिजीत दर रविवारी कोयताच घेऊन यायचा. वरवर छाटायचा आणि फोटो काढायचा.

"हो गया तात्या! एकदम चकाचक!"

"दाढी केलीस रे तिची," तात्या म्हणायचे. मग त्याच्यामागून पुन्हा मी! मित्रांनो, काम वरवर केले की ते संपत नाही, नुसते दुसऱ्याच्या माथी येते.

अखेर उतार मोकळा झाला. पळसाची रोपे वर आली, तरवड फुलली, मारवेल गवत परतले. वाटले, सुटले बाई!

कसली सुटते! यंदाच्या पावसात उताराच्या मधोमध, एकाच जागी, घाणेरीची दाट पिलावळ उगवली. प्रसादकाका छत्री घेऊन हजर.

"बघा तात्या. उद्या जेसीबी बोलावतो."

"अहो, बुलबुलांनी बी टाकलं असेल."

"सगळं एकाच ठिकाणी? बुलबुल का ऑफिस है क्या वहाँ?"

तात्यांची नात मृण्मयी शेजारीच उभी होती. मला तोंड नाही, पण मी सगळे पाहिले होते. पितृपक्षात आमच्याकडे मुली खेळ म्हणून भिंतीवर शेणाची नक्षी, म्हणजे संजा मांडतात, तिला फुले आणि चमकती पन्नी लावतात. गेल्या वर्षी मृण्मयी आणि तिच्या मैत्रिणी इशिता, ऋचा यांनी रस्त्याकडेच्या घाणेरीचे तुरे लावले, तेही पिकल्या काळ्या फळांसकट! शेवटी संजा खरवडून पाण्यात सोडायची असते. नदीवर गर्दी होती, म्हणून मृण्मयीने टोपली इथे रिकामी केली. का, तर रोपांना शेणखत मिळेल. भल्या मनाने केलेल्या चुकीचा वैताग फार वाईट, धड रागावताही येत नाही.

तेवढ्यात ओल्या मातीत काहीतरी चमकले. मृण्मयीने वाकून पन्नीचा तुकडा उचलला आणि तिचा चेहराच उतरला.

"काका, जेसीबी नको. बुलबुलांनी नाही, हे मी केलंय."

तिने एक रोप मुळासकट उपटले आणि उलटे करून दगडावर ठेवले. मग कॉलनीकडे तोंड करून ती जोरात ओरडली, "इशिता! ऋचा! लवकर या! आपली संजा उगवलीय!"