रतनबाई उठल्या, मी खोटा ठरलो

मला वेळमाप्या म्हणा. कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये राहतो. वरची एक ओळ मला चालू करते, खालची बंद करते. मधल्या कामाला किती वेळ लागला, तेवढं सांगायचं, बास. पण माझ्या सांगण्यावरनं एका बाईची खुर्ची गेली, आणि ते मला अजून पचलेलं नाही.

तेजश्रीनं मला आत बसवलं. केडगावजवळच्या एका डेरीचा प्रोग्राम तिनंच लिहिलेला. पोर हुशार, पण घाईची. सकाळी डेरीवर रांग लागायला लागली, तसे चेअरमन पोपटराव डाफरले, "तुझा कॉम्प्युटर म्हंजी बैलगाडी झाली गं! कुठं अडतंय ते बघ."

मापावर रतनबाई बसायच्या. त्यांची एक रीत होती. ज्यावर दुधाचा भाव ठरतो तो फॅटचा आकडा पडद्यावर आला की दूध घालणाऱ्यानं तो वाकून बघायचा, "व्हय" म्हणायचं, मगच त्या नोंदीचं बटण दाबायच्या. हनुमंत आप्पांना चष्मा सापडेपर्यंत थांबायच्या.

"आप्पा, म्हशीला बघताना बरा चष्मा लागत न्हाई!"

"म्हस मोठी हाय बाई, तुझा आकडा बारीक हाय."

रांग हसायची. बटण दाबलं की मी चालू. पापणी लवायच्या आत बंद. तेजश्रीनं आकडा पोपटरावांना दाखवला. "मामा, माझ्या कोडला येळच लागत न्हाई."

"मग रतनबाईच्या गप्पांलाच लागतोय," पोपटराव म्हणाले. आठवड्यात खुर्चीवर त्यांचा पुतण्या इंद्रजीत आला.

रांग मात्र हलेना. तवा तेजश्रीनं मला नीट बघितलं आणि कपाळाला हात लावला. बटणानंतर नोंद पुण्याच्या हापिसात जायची, तिथनं उत्तर येईपर्यंत मशीन अडून बसायचं. सगळा वेळ तिथं जात होता. आणि मला बंद करायची ओळ तिनं त्याच्या आधीच टाकलेली! काम संपायच्या आत मी संपलं म्हणून सांगत होतो. गाडी दौंडात उभी, आन् मी म्हणतोय पुण्याला पोचली.

तिनं ती ओळ खाली सरकवली, उत्तराची वाट न बघता मशीन पुढं जाईल असं कोड दुरुस्त केलं. कुणाला बोलली नाही. रांग पळायला लागली, तसे पोपटराव मिशीत हसले. "बघा, माणूस बदलला आन् काम झालं." आता माझा आकडा खरा आहे. पण तो खरा आकडासुद्धा रतनबाईंच्याच विरोधात गेला.

आज त्या स्वतःची किटली घेऊन रांगेत होत्या. इंद्रजीतनं आकडा दिसायच्या आत बटण दाबलं.

"आकडा दाव की रं."

"मागं रांग हाय, मावशी."

त्या किटली उचलून बाजूला झाल्या. तेजश्री दारातच उभी होती. तिनं मान खाली घातली.

पोरी, चूक तुझी, खोटी साक्ष माझी. पोपटराव अजून आत बसलेत. मला वाचा न्हाई. तुला हाय.