पुढची खोली

सकाळी साडेदहाला पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावरचं चित्र थांबवलं आणि निकेतला आत बोलावलं. त्याच्या मागोमाग त्याची आई, सखुबाई, न बोलावता आत आली.

निकेतची बायको प्राप्ती टेबलावर तशीच पडून होती. पोटावरचं जेल तिनं पुसलं नव्हतं.

"बाळाच्या हृदयात दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला छिद्र दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "मोठं आहे. एका झडपेबद्दलही शंका आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. जन्मल्यावर ऑपरेशन लागेल की नाही, ते आज सांगता येणार नाही."

निकेतनं मोबाइल या हातातून त्या हातात घेतला.

"ग्रहणात सुरी धरली हिनं," सखुबाई म्हणाली. "दुधाची पिशवी कापली. दूध काय पळून चाललं व्हतं? मी खिडक्या लावल्या, पडदे सोडले, आन ही..."

"आई, गप ना."

"मी कशाला गप? तिला ठावं हाय."

प्राप्ती छताकडे बघत राहिली.

"ग्रहण होतं तेव्हा कितवा महिना होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौथा लागला व्हता." सखुबाईचं उत्तर तयार होतं.

"हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं, आजी. तुमचं ग्रहण लागलं तोवर त्याचे ठोके कधीचे सुरू झाले होते. सुरीचा काही संबंध नाही."

मग त्या निकेतकडे वळल्या. घर कुठं आहे, काम काय करता?

"बंदराच्या रस्त्याला. कंटेनर यार्डासमोर. ट्रेलर आहे माझा, मीच चालवतो. सात वर्षं झाली."

"लावता कुठं?"

"दारातच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आईच्या श्वासातून काय जातं हे बघतातच. पोट राहायच्या आधी बाप कसल्या हवेत होता, हेही हल्ली तपासतात."

"म्हणजे माझ्यामुळं?"

"ते या बाळाबद्दल कुणालाच सांगता येणार नाही. पण यापुढे हिला धुरात ठेवू नका."

तिघं गाडीतून परतले. यार्डाचा फाटा आला तशी ट्रेलरची रांग सुरू झाली, ती थेट घरापर्यंत. इंजिनं चालू, ड्रायव्हर मोबाइलवर.

पुढची खोली घरातली सगळ्यात चांगली. एसी, संगमरवरी लादी, रस्त्याकडे मोठी खिडकी. निकेतचं लग्न झालं तेव्हा सखुबाईनं ती हट्टानं लेका-सुनेला दिली आणि स्वतः खाडीच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत झोपू लागली. पुढच्या खोलीतले पडदे प्राप्ती दर रविवारी धुवायची, बादलीत काळं पाणी उतरायचं. "साबण काय बापानं धाडलाय?" सखुबाई मागून म्हणायची.

त्या संध्याकाळी सखुबाई त्याच पडद्याचं टोक अंगठ्यानं चोळत उभी होती. मग अंगठा पदराला पुसला. पदरावर काळा डाग उठला. रात्री तिनं प्राप्तीचं अंथरूण आपल्या खोलीत घातलं.

सकाळी निकेत केबिनमध्ये चढला. ट्रेलर लांब, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीच्या पलीकडे नेऊन लावायचा, हे त्यानं रात्रीच ठरवलं होतं. चावी लावली, पण फिरवली नाही. उभ्या गाडीच्या ब्रेकमधली हवा रात्रीतून उतरते. इंजिन चालू ठेवून ती भरेपर्यंत चाक सुटत नाही. म्हणजे गाडी इथून हलवायची तरी आधी इथंच धूर सोडायचा. पुढच्या खोलीची खिडकी हातभर अंतरावर होती. तो हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसला. काटा तळाशी होता.

स्वयंपाकघरात सखुबाईनं दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. शेजारी सुरी ठेवली. ग्रहणापासून प्राप्तीला सुरीला हात लावायची मुभा नव्हती.

"काप."

प्राप्तीनं तिच्याकडे पाहिलं.

"काप गो. चहा करायचाय."

प्राप्तीनं पिशवीचा कोपरा कापला. दूध पातेल्यात पडलं. चहा झाल्यावर सखुबाई पुढच्या खोलीत गेली, गाडी बंद ठेवून बसलेल्या निकेतकडे पाहिलं, खिडकी लावली, कड्या घातल्या, पडदे सोडले. येताना सुनेच्या चपला उचलून आणल्या आणि मागच्या दारात ठेवल्या.

"चल. खाडीच्या बांधावर."

"आत्ता?"

"मग कवा?"

थोड्या वेळानं निकेतचा मोबाइल वाजला.

"लांब आलो आम्ही," सखुबाई म्हणाली. "कर चालू."

त्यानं चावी फिरवली. खिडकीच्या काचेवर काळा झोत आदळला. काटा सावकाश वर चढू लागला. हवा भरली, ब्रेक सुटला, ट्रेलर रस्त्याला लागला.

टपरीपाशी पोचल्यावर त्यानं आरशात पाहिलं. रांगेतला एक ट्रेलर बाहेर निघून त्याच्या रिकाम्या जागेत, खिडकीला लागून उभा राहिला होता. त्याचं इंजिन चालू होतं. बांधावरून दोघी अजून परतायच्या होत्या.