मिनोरीचा घरचा अभ्यास

माझी पोरगी मिनोरी विद्यापीठात समाजकल्याण शिकायला गेली, तेव्हा मी बंदरावर सगळ्यांना सांगत फिरायचो, "म्हाताऱ्याचा हात कसा धरावा याची आता पदवी देतात म्हणे!" मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. शाळेशी माझं कधी जमलं नाही, त्यामुळे शाळेला नावं ठेवायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

त्या हिवाळ्यात माझी आई पडली. तोमे तिचं नाव. आमच्या हाचिनोहे बंदराच्या मासळीबाजारात ती ओरडली की छपरावरचे पक्षी उडायचे. खुब्याचं हाड मोडलं आणि खाटेला खिळली. घरी येणाऱ्या नर्सने डायपर बांधला.  त्या दिवसापासून आई पाणी प्यायची थांबली.

"आई, घोटभर घे."

"नको."

"सूप तरी?"

"इसामू, एकदा सांगितलं ना?"

आत गेलं नाही तर बाहेर येणार नाही, असा साधा हिशेब. ओठांना भेगा पडल्या, जीभ चामड्यासारखी झाली. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर दवाखान्यात सलाईन. पण या वयात तिथून परत येईलच असं नाही. मी रागावलो, हात जोडले, एकदा तर चक्क रडलो. ती भिंतीकडे बघत पडून राहिली.

शनिवारी मिनोरी घरी आली. आजीच्या खाटेशेजारी, खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाखाली उबेला पाय घालून बसली आणि चहाची किटली पुढे ओढली.

"आजी, आज मी पण डायपर घातलाय."

मला ठसकाच लागला. "काय गं, डोकं फिरलं का?"

"अभ्यास दिलाय बाबा. घालायचा, त्यातच करायची आणि दुसऱ्याकडून बदलून घ्यायचा. वर्गात सगळ्यांचं झालं. माझंच होत नाहीये."

आईने मान वळवली. किती दिवसांनी.

पोरगी कपामागून कप ढोसत होती. तोंड लालबुंद. "होतच नाही गं आजी! पोट फुटायला आलंय, पण अंग ऐकत नाही."

"पुढे वाक," आई म्हणाली.

वाकली. काही नाही.

"बापासारखीच हट्टी. हासुद्धा लहानपणी असाच होता. शू करायला मांडीवर धरलं की तासभर बसवायचा मला." आणि माझी आई त्या वाळल्या ओठांनी आवाज काढायला लागली, "श्शूऽ... श्शूऽ... श्शूऽ..."

मिनोरी खो खो हसली. हसता हसता एकदम थांबली. झालं होतं.

धडधाकट, तरणी पोर, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आधी गरम लागतं," ती म्हणाली. "मग गार पडतं. आणि समोर माणसं बसलेली. आजी, तुला रोज असं..."

"गार पडतं तेच वाईट," आई म्हणाली. बस्, एवढंच.

"मग आता बदलणार कोण?" मी विचारलं आणि माझा मीच चपापलो.

"आजी बदलेल. बाबा, तुम्ही बाहेर जा."

"अगं, तिला बसता येत नाही धड!"

"हात आहेत ना मला?" आई कडाडली. तोच बाजारातला आवाज! "चल, नीघ!"

बर्फात जाऊन उभा राहिलो. आतून ऐकू येत होतं, "सरक इकडे." "आजी, ओढू नको ना!" "गप्प पड, तुझ्या बापाला वाढवलंय मी." मग दोघींचं हसणं. बंद पडलेलं इंजिन सुरू व्हायच्या आधी एकदा खोकतं. तेव्हा मी श्वास रोखून धरतो, जरा हललो तर पुन्हा बंद पडेल असं वाटतं. तसाच उभा होतो. टोपी कधी काढून हातात धरली, कळलं नाही. डोक्यावर बर्फ पडत होता, पडू दिला.

"इसामू! मेलास का तिकडे? चहा टाक!"

आत गेलो. "मिनोरी, अजून किती पिशील?"

"तिला कशाला? तिचा अभ्यास झाला," आई म्हणाली. "मला."

मी अर्धा कप भरला. मी पाजायला गेलो, तर माझा हात बाजूला सारून तिनेच कप उचलला. तोंडाला लावला. थोडा हनुवटीवरून ओघळला, तो बाहीने पुसला. मिनोरी आणि मी नुसते बघत बसलो. घशाखाली घोट उतरताना दिसत होता.

"हा चहा आहे? बोट धुतलीस काय यात?" ती म्हणाली, आणि रिकामा कप पुन्हा पुढे केला.