नंतरची भर

शेतावरचं ते घर एका दमात उभं राहिलेलं नव्हतं. आधी नुसती एक लांबलचक दगडी खोली होती. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. वहिनीच्या आजेसासऱ्यांनी मध्ये भिंत घातली. सासऱ्यांनी वर धान्यासाठी माळा चढवला. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा स्वयंपाक अजून त्याच खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीशिवाय चालायचा. पहिल्या बाळंतपणानंतर तिचा खोकला हटेना, तेव्हा तिने हट्टच धरला. नवरा कामसू, पण अबोल. दगड त्याने आणून टाकले. गवंड्याच्या हाताखाली माल कालवला तो तिनेच. मागच्या भिंतीला लागून स्वयंपाकघर झालं. खिडकी तिने विहिरीच्या बाजूला काढायला लावली, कारण मुलगी रांगायला लागली होती.

धाकटा दीर शहरात नोकरीला होता. वहिनीची मुलगी मोठी होऊन आपल्या घरी गेली, त्यानंतर नोकरी सुटून तो परतला तो एक बेत घेऊनच. घराला जुनं रूप द्यायचं आणि पाहुणे ठेवायचे. त्यासाठी त्याने एक वास्तुतज्ज्ञ बाई आणली. बाई स्वभावाने गोड. भिंतीवरून हात फिरवत कोणता भाग कधीचा ते सांगायची, आणि वहिनीलाही ते ऐकायला आवडायचं.

एक दिवस जेवताना बाई म्हणाली, "मागची खोली तेवढी काढावी लागेल."

"माझं स्वयंपाकघर?" वहिनीने विचारलं.

"ती नंतरची भर आहे. मूळ घराला शोभत नाही."

"माळासुद्धा नंतरचाच की."

"त्याला जुनेपण आलंय."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून जेवत होता.

"तुम्ही काही बोलणार आहात?"

"त्या शिकलेल्या आहेत," तो म्हणाला. "आणि घर काय माझ्या एकट्याचं आहे? दोघांचं आहे."

"दोघांचं म्हणजे तुम्हा दोघा भावांचं."

दीर हसला. "वहिनी, तुम्हाला मागे छान शेड घालून देतो. गॅस, ओटा, सगळं."

स्वयंपाकघर पाडायला एक सकाळ पुरली. खिडकीची चौकट तिने मागून घेतली होती, पण काढतानाच ती मोडली.

घर मात्र देखणं झालं, हे तिलाही नाकारता येईना. पाहुणे येऊ लागले. ती पत्र्याखाली रांधायची आणि ताटं घेऊन अंगण ओलांडायची. जुन्या खोलीच्या त्याच कोपऱ्यात शोभेची चूल मांडली होती. एका पाहुणीने विचारलं, "इथेच स्वयंपाक व्हायचा? किती छान. मजा येत असेल ना?" नवरा शेजारीच उभा होता. त्या कोपऱ्यात धुराने कासावीस झालेली बायको त्याने रोज पाहिली होती. तो हसून "हो" म्हणाला.

दिराचं बोलणं, बाईचं बोलणं तिने गिळलं होतं. हा 'हो' मात्र घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून ती मुलीकडे निघाली.

"आणि पाहुण्यांचं काय?" नवऱ्याने विचारलं.

"चूल आहे की. पेटवा."

महिन्याभराने तो मुलीच्या दोन खोल्यांच्या घरी आला. न्यायला आला असेल असं वाटून वहिनीने आत जाऊन केस सारखे केले. घराचा फोटो मासिकात छापून आल्याचं त्याने सांगितलं.

"नवी स्वयंपाकीण ठेवलीय," मग तो म्हणाला. "तिला आपल्यासारखं जमत नाही. चार दिवस येऊन शिकवून जातेस का?"

तिने नाही म्हटलं. तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला. गॅसवर दूध उतू जात होतं, ते मुलीने येऊन शेगडी बंद करेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.