बत्तीस चिठ्ठ्या

व्यायामशाळेच्या दारात भविष्य सांगणाऱ्या बुवांच्या चिठ्ठीसाठी सकाळपासून रांग होती. शनिवारी पहाड आणि डावखुरा या मुष्टियोद्ध्यांची पुन्हा लढत, सगळ्यात वजनदार गटातली. गेल्या वर्षी डावखुऱ्याने पहाडाला आडवा केला होता. यंदा काय होणार हे वर्तमानपत्रांना ठाऊक नव्हतं, पंचांना नव्हतं. बुवांना मात्र होतं! गेल्या लढतीचा निकाल त्यांनी आधीच चिठ्ठीत लिहून दिला होता म्हणे. ज्यांची चिठ्ठी खरी ठरली ते ती वर्षभर मिरवत होते.

"वाचा आणि गिळा," बुवा प्रत्येकाला बजावत. "भाकीत म्हणजे कोवळा कोंब. बायकोला सांगितलंत, करपलं. मित्राला सांगितलंत, उलटलं. मग माझ्या नावाने बोंबलायचं नाही!"

मौनाची ही थोरवी बुवा तास-तासभर न थांबता सांगत.

रांगेकडे पाठ करून ताई घामट कपड्यांची बोचकी हातगाडीवर रचत होती. तिची लाँड्री होती आणि दोन्ही मुष्टियोद्ध्यांच्या व्यायामशाळांचे कपडे तिच्याकडेच यायचे. पहाड तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. हिनेच भरवून एवढा केलेला.

गेल्या वर्षी तिनेही चिठ्ठी घेतली होती. 'पहाड जिंकेल.' आनंदाच्या भरात ती नवऱ्याजवळ बोलून गेली. पहाड हरला, उजव्या डोळ्याचा पडदा फाटला. माझ्याच जिभेने घात केला, म्हणत ती वर्षभर स्वतःला खात होती.

लाँड्रीत पहिलं काम खिसे उलटे करायचं. नाणी, किल्ल्या, आणि आज चिठ्ठ्या. एक घामाने भिजली होती, म्हणून तिने उलगडून इस्त्रीशेजारी वाळत घातली. 'डावखुरा जिंकेल.' दुसरी उलगडली. 'पहाड जिंकेल.' तीच जांभळी शाई, तेच वळण. मग तिने एकही खिसा सोडला नाही. बत्तीस चिठ्ठ्या निघाल्या. सोळा याच्या, सोळा त्याच्या.

ती उपड्या बादलीवरच बसली. आधी हसू आलं, मग रडू. वर्षभराचं ओझं, आणि आत काय? अर्धे इकडे, अर्धे तिकडे. कोणीही जिंको, सोळा जण ओरडणार आणि सोळा जण आपलंच चुकलं म्हणून गप्प बसणार.

संध्याकाळी तिने व्यायामशाळेच्या रिंगणात सगळ्यांसमोर त्या चिठ्ठ्या मांडल्या.

बुवा डगमगले नाहीत. "परक्याचा हात लागला की शाई फिरते, बाई!"

"मग अर्धीच कशी फिरली? बाकीच्यांना माझा साबण चालला नाही वाटतं?"

लोक हसले. पण ताई हसत नव्हती. "गेल्या वेळी कोणाकोणाची चिठ्ठी चुकली? हात वर करा. माझी चुकली."

मग व्यायामशाळेच्या वस्तादांचा हात वर गेला. "मी मुलीला सांगितलं होतं. मला वाटलं, त्यानेच..."

"मी झोपेत बडबडलो असेन असं वाटलं," रखवालदार म्हणाला.

बघता बघता निम्मे हात वर. बुवा मागच्या दाराने केव्हा सटकले ते कळलंच नाही.

पहाड कपडे बदलायच्या खोलीत एकटाच बसला होता. मुठीत चिठ्ठी होती.

"खोटी आहे रे ती," ताई म्हणाली. "खरं भाकीत माझ्याकडे आहे. तुझ्या पिशवीत सापडलं." तिने डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद उघडला. "उजव्या बाजूचं तुला दिसत नाही. त्याचा डावा ठोसा तिकडूनच येणार. तुझा दम तीन फेऱ्या टिकतो, तोवर तू चुकवशील. चौथ्या फेरीत पडशील. तपासणीत पास कसा झालास?"

"अक्षरांचा तक्ता पाठ केला." तो वर बघेना. "चिठ्ठी खोटी असेल ताई, माझी मेहनत खोटी नाही. मुष्टियुद्ध मंडळात बोललीस तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही."

एवढा थोरला गडी, ओठ चार वर्षांच्या पोरासारखा थरथरत होता. ताईने कागदाची घडी घातली. ती गप्प बसली.

शनिवारी, चौथी फेरी. उजवीकडून डावा ठोसा.

रविवारी सकाळी इस्पितळात त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. डावा शाबूत होता, उजवा गेला होता.

"ताई, चौथी फेरी तुला कशी गं कळली?"

"मंत्र नव्हता रे. डोळ्याचं कागदावर लिहिलेलं होतं, तुझा दम मला ठाऊक होता."

त्याने चाचपडत तिचा हात शोधला. "मग बोलली का नाहीस?"

ताईने पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला आणि त्याची घडी उलगडली.

आता लाँड्रीच्या भिंतीवर त्या बत्तीस चिठ्ठ्या टाचलेल्या आहेत आणि मधोमध डॉक्टरांचा कागद. गिऱ्हाईक थबकलं की ताई इस्त्री उभी करून सांगते: "कोणी चिठ्ठी दिली तर शेजाऱ्याला दाखवा, त्याची बघा. डॉक्टरांनी कागद दिला तर तो लपवू नका, कोणाला लपवू देऊ नका. आणि जो म्हणेल गप्प राहा, त्याला आधी विचारा, का? मग तो बुवा असो, नाहीतर पोटच्या लेकरासारखा भाऊ. बोलल्याने माझं काही करपलं नव्हतं हो. गप्प बसले, तेव्हा करपलं."